मायनस ५ नंबर आहे, सोलापुरात यंत्रमागावर कामाला आहे. चष्मा घालवायला डोळ्याचं लेझर ऑपरेशन करायचंय, लॅसिक करू का स्माइल?

स्माइल करा, पण कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) पुरेसा जाड आणि आकाराने नीट निघाला तरच. मी इथंच चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो, रोज कोणीतरी हेच विचारतं. लॅसिकमध्ये कॉर्नियावरचा पापुद्रा जवळजवळ गोल कापून, म्हणजे साधारण २० मिमी लांब चीर देऊन, उचलतात आणि खाली लेझर मारतात. स्माइलमध्ये लेझर आतल्या आत एक पातळ चकती कापतो, ती २ ते ४ मिमीच्या चिरेतून चिमट्यानं ओढून काढतात, म्हणून नसा कमी तुटतात आणि सुरुवातीचे काही महिने कोरडेपणा कमी राहतो, आणि तुमच्या मागावर दिवसभर रुवा उडतो त्यात आपलं एप्रिल-मेचं ऊन, म्हणजे हे महत्त्वाचंच की ओ. नजर मात्र शेवटी दोन्हीत जवळपास सारखीच येते, त्यामुळं नुसतं "नवीन मशीन आलंय" म्हणून जास्त पैसे मोजू नका. आधी कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, करा (लेन्स वापरत असाल तर किती दिवस आधी बंद ठेवायची ते विचारून घ्या), त्यात केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन पुढं फुगतो तो आजार) शंका आली तर दोन्ही बाद. नंबर वर्षभर बदललेला नसावा.