टाकीचा रंग पेट्रोलने सुरकुतला, आता काय?

प्रश्न: माझ्या छोट्या बाइकची टाकी मी घरीच स्प्रे कॅनने मॅट काळी केली, दिसायला एकदम झकास, पण पेट्रोल भरताना दोन थेंब सांडले आणि झाकणाभोवतीचा रंग सुरकुतला, बोट लावलं तर चिकट. परत सगळं घासू का?

उत्तर: घासावंच लागेल, इलाज नाही. साधा कॅनचा रंग नुसता वाळतो, आतून पक्का कडक होत नाही, त्यामुळे पेट्रोल लागलं की परत मऊ पडतो. खराब झालेला रंग पूर्ण काढ, गंज दिसला तर चकचकीत पत्रा लागेपर्यंत घास, मग थिनरने पुसून घे आणि त्यानंतर उघड्या हाताने टाकीला शिवू नको, बोटांचं तेल लागलं की तिथेच रंग सुटतो. आधी एपॉक्सी प्रायमर (पत्र्याला घट्ट धरणारा पहिला थर), वाळल्यावर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) हलका हात, मग रंगाचे पातळ कोट, जाड मारलास की ओघळ आलेच. वरून हार्डनरवाला टू-के क्लिअर हवाच, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर पक्का कडक होणारा, पेट्रोलला टिकणारा पारदर्शक थर, मॅट आवडत असेल तर मॅटमध्येही मिळतो. फक्त त्याची वाफ फार वाईट, कापडी मास्क चालत नाही, फिल्टरवाला रेस्पिरेटर लाव. आणि सायलेन्सरला हा रंग नको, त्याला हीटप्रूफच.