झाकणं गळतात, पिशव्या आकसतात: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी बाटल्यांच्या झाकणांचं समुद्री कासव करतोय. प्लायवूड चार बाय तीन फुटांचं आहे. पांढऱ्या गोंदाने चिकटवलेली झाकणं सुकल्यावर गळाली, ग्लू गनचीही तीच गत. काय वापरावं? (कलाशिक्षिका, सातारा)

गोंदाचा नाद सोडा, स्क्रू घ्या. ही झाकणं पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात आणि त्यांना बहुतेक गोंद धरतच नाहीत. पांढरा गोंद प्लायला घट्ट बसतो, झाकणापासून मात्र पापुद्र्यासारखा सुटतो. ग्लू गनचा गोंद तर उन्हाने तापलेल्या फळ्यावर मऊच पडतो.

प्लाय १२ मिमीचं असेल तर अर्धा इंची, चपट्या डोक्याचे स्क्रू पुरतात. त्याहून लांब घेतले तर टोकं मागून बाहेर येतील. झाकणाची उघडी बाजू पुढे ठेवा, तळाला मधोमध ३ मिमीचं भोक पाडा आणि स्क्रू आतून पिळा. फार आवळू नका, तळ खोलगट होतो आणि झाकण तिरकं दिसतं.

साधं झाकण सुमारे ३ सेंमी रुंद असतं, म्हणजे चौरस फुटाला शंभर. तुमच्या फळ्याला बाराशेच्या आसपास लागतील. पाण्याच्या बाटल्यांमुळे निळी-पांढरी ढिगाने मिळतात, हिरवी कमी. त्यामुळे आधी जमवा, रंगवार मोजा, मग चित्र आखा. हिरवी कमी पडली म्हणून ऑइल पेंट मारू नका, तो सोलून निघतो. कासव निळं झालं तर बिघडलं काय?

झाकणं साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा. कोल्ड्रिंकच्या झाकणात आतून पातळ चकती असेल तर तिच्याखाली साखर राहते आणि प्रदर्शनात मुंग्यांची रांग लागते. ती चकती टोकदार वस्तूने उपसून काढा.

स्क्रूचा आणखी एक फायदा : प्रदर्शन संपलं की झाकणं सुटी करून भंगारात देता येतात. गोंद लागलेली झाकणं सहसा कोणी घेत नाही. आणि कृपा करून पार्श्वभूमीला नवा थर्माकोल, चमकी वगैरे विकत आणू नका.

प्रश्न : दुधाच्या पिशव्या इस्त्रीने जोडून जाड कापड करताना भोकं पडतात. का? (वाचक, डोंबिवली)

इस्त्री फार तापलेली असते. ही पिशवी साधारण ११० अंशांना वितळते आणि इस्त्रीचा सुती कपड्यांचा आकडा २०० च्या आसपास जातो. रेशमाच्या आकड्यापासून सुरुवात करा. छपाईची बाजू आत ठेवून तीन-चार थर रचा, खाली-वर बेकिंग पेपर घाला (वर्तमानपत्र चिकटतं) आणि इस्त्री एका जागी न थांबवता फिरवा. थर आकसतातच, तेव्हा चारी बाजूंनी २ सेंमी जास्त धरा आणि माप जोडल्यावरच कापा. गार होईपर्यंत वर जाड पुस्तक ठेवा, नाहीतर कडा वळतात. खिडक्या उघड्या हव्यात. धूर दिसला की इस्त्री बंद.

फ्लेक्सच्या बॅनरला मात्र इस्त्री कधीही लावू नका. तो पीव्हीसीचा असतो, जास्त तापला की आम्लयुक्त वायू सोडतो.

खरं तर स्वच्छ दुधाच्या पिशव्या भंगारवाला विकत घेतो. त्यापेक्षा तो ज्याला हात लावत नाही ती वेफर्सची पाकिटं वापरा. ती इस्त्रीने गोळा होतात, म्हणून उभ्या पट्ट्या कापा, दुहेरी घड्या घाला आणि चटईसारख्या विणा.