महामार्गालगतच्या घरात आवाजाची ‘सवय होते’, हे मला मान्य नाही

आपण विचारले आहे की, सोलापुरात पुणे महामार्गालगत घेतलेल्या फ्लॅटमध्ये वाहनांचा आवाज नेमका किती येतो हे घरच्या घरी कसे पाहावे आणि दुहेरी काचेच्या खिडक्यांनी तो कमी होईल का. प्रश्नाच्या शेवटी आपण असेही लिहिले आहे की, घरची मंडळी ‘महिनाभरात सवय होईल’ म्हणतात. त्या एका वाक्यामुळे मी हे उत्तर लिहीत आहे, कारण हेच वाक्य माझ्या थोरल्या बंधूंनी आमच्या वडिलांच्या बाबतीत उच्चारले होते.

आमचे घर बाळे गावाच्या पुढे, रस्त्यापासून साधारण 40 मीटरवर आहे. अण्णांनी पूर्व भागातल्या एका कारखान्यात 31 वर्षे यंत्रमाग चालवला. मागाच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते, त्यामुळे रस्त्याकडची पुढची खोली त्यांना देताना दादा म्हणाले, ‘‘अण्णांना कुठे ऐकू येते? आणि आयुष्य मागावर काढलेल्या माणसाला ट्रकचे काय?’’ मलाही तेव्हा ते पटले, याची खंत आजही आहे. अण्णा रात्री दोन-दोन वाजता पलंगावर उठून बसत. आवाजाची तक्रार त्यांनी कधी केली नाही, फक्त ‘‘छातीत घरघरल्यासारखे होते’’ एवढेच म्हणत. एका रात्री मी त्यांच्याजवळ बसलो असताना भरलेला ट्रक गेला आणि मांडणीवरचा पितळी तांब्या त्यावर ठेवलेल्या फुलपात्रासकट किणकिणला. अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांना काय होते ते मला त्या क्षणी कळले.

मागाच्या गोंगाटाने कानाची जी हानी होते, ती मुख्यतः उंच पट्टीच्या आवाजांची असते. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘त’ हे वर्ण ऐकू येत नाहीत आणि समोरच्याचे बोलणे अस्पष्ट होते, परंतु ट्रकच्या इंजिनाची खालच्या पट्टीची घरघर तशीच पोहोचत राहते. म्हणजे अण्णांना नातवंडांचे बोलणे ऐकू येत नव्हते आणि महामार्ग मात्र ऐकू येत होता. सवयीविषयी म्हणाल, तर जाग येणे कालांतराने कमी होते हे खरे आहे, पण झोपेतही प्रत्येक मोठ्या आवाजासरशी हृदयाचे ठोके वाढतात आणि ही प्रतिक्रिया वर्षानुवर्षे त्याच रस्त्यालगत राहूनही पूर्णपणे जात नाही.

आता मोजण्याविषयी. मोबाईलवरील डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपचा आकडा तंतोतंत मानू नये. एकाच फोनवर, खोलीच्या मध्यभागी, उशीच्या उंचीवर, खिडकी उघडी आणि बंद ठेवून आलेल्या आकड्यांमधला फरक मात्र उपयोगाचा असतो. अण्णांच्या खोलीत रात्री खिडकी उघडी असताना सरासरी 61 आणि बंद असताना 54 आली. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत मर्यादा 45 आहे, तीही घराबाहेरच्या हवेतली. अ‍ॅपमध्ये ‘ए’ (माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या पट्टीचा आवाज कमी धरणारी) आणि ‘सी’ (तो जवळजवळ पूर्ण धरणारी) अशा दोन मोजण्या असतील, तर दोन्ही घ्याव्यात. ‘सी’चा आकडा ‘ए’पेक्षा 15-20 ने जास्त आला, तर आपला खरा त्रास घरघरीचा आहे असे समजावे. एक मोजणी ऊसाच्या गाळप हंगामात अवश्य घ्यावी. पावसाळ्यात घर पाहून शांत म्हणणारे लोक नोव्हेंबरनंतर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर सुरू झाले की चकित होतात.

बंद खिडकीने जेमतेम 7 डेसिबल अडवले, याचे कारण काच नव्हते. तीन रुळांच्या स्लायडिंग खिडकीत झडपा जेथे एकमेकींवर येतात तेथील केसाळ पट्टी झिजली होती, रुळाला पाणी जाण्याची भोके होती आणि खिडकीच्या एका खणात कूलर बसवलेला होता. रात्री खोलीत दिवा बंद करून बाहेरून विजेरी फिरवली, तर फटी स्वच्छ दिसतात. नऊ इंची विटांची भिंत कितीही भक्कम असली, तरी आवाज फटीतून येतो. हे ठाऊक नसल्यामुळे एका कारागिराच्या सांगण्यावरून मी भिंतीवर 18 हजारांचा फोम लावून घेतला होता. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरून येणारा आवाज अडत नाही. दादांनी कुंपणाला लावलेली अशोकाची एक ओळ रस्ता झाकते, आवाज झाकत नाही. त्यासाठी दाट झाडीचा कित्येक मीटर रुंद पट्टा लागतो.

शेवटी उपयोगी पडले ते असे की, जुन्या खिडकीच्या आत चार इंच अंतर सोडून रबरी पट्टीवर घट्ट बसणारी, जाड काचेची दुसरी खिडकी बसवली आणि कूलर मागच्या बाजूला नेला. त्याने आकडा 43 वर आला. तयार दुहेरी काचेत मधली पोकळी बहुधा 12 मिलीमीटर असते. ती उन्हासाठी चांगली, घरघरीसाठी फारशी नाही. परंतु या सगळ्याच्या आधी, एक रुपयाही न खर्चता, मी अण्णांचा पलंग मागच्या खोलीत हलवायला हवा होता. तो मी हलवला, पण आठ महिन्यांनी. दादा अजूनही म्हणतात की अण्णांची झोप वयामुळे गेली होती. मागच्या खोलीत त्या पहिल्या रात्री अण्णा सकाळी साडेसहापर्यंत झोपले होते. तेव्हा त्यांचे वय एका दिवसाने वाढलेलेच होते.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो, तेव्हा पुढची खिडकी बंद ठेवायची तर मागून हवा येण्याची सोय आधी करावी. आणि न्हाणीघरात गॅस गिझर असेल, तर आवाज थांबवण्यासाठी तिथला झरोका कधीही बुजवू नये; त्यात जिवाला धोका आहे. आपल्या घरी कोणी वडीलधारे असल्यास मागची खोली आजच त्यांना द्यावी आणि खिडक्यांचा विचार त्यानंतर करावा.