वाचकांचे प्रश्न : कडक झालेल्या लेदर सीटला मऊपणा कसा आणावा?

प्रश्न : आमच्याकडे २००६ सालची मोटार आहे. नागपूरच्या मेहुण्यांकडून ती घेतली तेव्हा तिच्या बदामी रंगाच्या लेदर सीट मऊ होत्या. गेली चार वर्षे गाडी शेतावरच्या टिनाच्या शेडमध्ये उभी असते. आता चालकाची सीट पापडासारखी कडक झाली असून दाराकडच्या कडेला बारीक भेगा पडल्या आहेत. आमचे आजोबा मोटेच्या चामड्याला तेल पाजत, हे आठवून मी घाणीवरचे जवसाचे तेल दोनदा चोळले. आठवडाभर बरे वाटले, मग सीट चिकट झाली आणि आता पूर्वीपेक्षाही ताठ आहे. कुशनचे काम करणारा कारागीर नवे कव्हर शिवा म्हणतो. मूळ लेदर वाचवता येईल काय?
— एक शेतकरी वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : बहुधा वाचवता येईल, मात्र जवसाचे तेल आजपासून बंद करा. आजोबांची रीत चुकीची नव्हती. मोटेचे चामडे झाडांच्या सालींनी कमावलेले आणि दोन्ही अंगांनी उघडे असे, त्यामुळे तेल सरळ त्याच्या तंतूंत मुरत असे. मोटारीच्या सीटचे लेदर बहुतेक वेळा क्रोमने कमावलेले असते आणि त्याच्या वरच्या अंगावर रंगाचा व त्यावर पारदर्शक लेपाचा पातळ थर कारखान्यातच चढवलेला असतो. वरून चोळलेले तेल या थरावरच राहते. त्यातही जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून सुकते आणि त्याचा चिवट पापुद्रा तयार होतो. याच गुणामुळे चित्रकारांच्या तैलरंगांत ते वापरले जाते. तुमच्या सीटवर आधी चिकटपणा आणि मग ताठरपणा आला तो याच क्रमाने. शेतकऱ्याच्या घरी आणखी एक सावधगिरी हवी. या तेलात भिजलेल्या फडक्यांचा बोळा सुकताना आतून तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून अशी फडकी कापसाच्या गंजीजवळ कधीही टाकू नका. ती पाण्यात भिजवून मोकळ्या जागी पसरून वाळवा.

मूळ कडकपणाचे कारण वेगळे आहे. चामडे कमावताना त्याच्या तंतूंमध्ये स्निग्ध द्रव्य भरतात. ते द्रव्य आणि लेदरमधली थोडी ओल यांमुळे तंतू एकमेकांवरून सरकतात, आणि हाताला जो मऊपणा जाणवतो तो हाच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि टिनाखाली काचा लावून उभ्या केलेल्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी अधिक तापते. ओल उडून जाते आणि तंतू एकमेकांना चिकटून बसतात. ही अवस्था सुधारता येते. मात्र लेदर आक्रसून टाके ताणले गेले असतील आणि तो भाग शिंगासारखा टणक झाला असेल, तर कोणत्याही मलमाने तो पूर्ववत होणार नाही.

कामाला लागण्यापूर्वी सीटखाली हात घालून कव्हरची उलटी बाजू पाहा. लव असलेले, तंतुमय अंग लागले तर ते लेदर. विणलेले कापड दिसले तर ते रेक्झिन. पुष्कळ गाड्यांत बसण्याचा भाग तेवढा लेदरचा असतो आणि बाजू व पाठ रेक्झिनची असते, तेव्हा प्रत्येक भाग वेगळा तपासा. मग एका कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच टिकला तर वर लेपाचा थर आहे. मिनिटभरात तो मुरून डाग पडला तर लेदर उघडे आहे, आणि त्याला पाणी फार जपून लावावे लागेल. ही परीक्षा तेल न लागलेल्या जागीच करा, नाहीतर तेलामुळेच थेंब टिकेल.

हे काम हिवाळ्यात, सावलीत करावे. शिवणीतली धूळ मऊ ब्रशने काढा. कपडे धुण्याची पावडर किंवा सोडा वापरू नका, कारण लेदर किंचित आम्लधर्मी असते आणि अल्कली त्याला मारक ठरते. लेदर क्लीनरचा नुसता फेस मऊ फडक्यावर घेऊन वीतभर जागा पुसा, ओल टिपा, मग पुढे सरका. सुकलेले जवस एका दिवसात निघणार नाही. चार-पाच दिवस थोडे थोडे काढावे लागेल, आणि भेगांत मुरलेले काही राहूनही जाईल. घाईने थिनर किंवा पेट्रोल लावाल तर पापुद्र्याबरोबर रंगही निघून येईल.

सीट स्वच्छ झाल्यावर कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला टॉवेल तासभर कडक भागावर पसरा. तो काढल्यावर लगेच पाण्यावर आधारलेले लेदर कंडिशनर बोटांनी अगदी पातळ चोळा, रात्रभर ठेवा आणि सकाळी उरलेले पुसून घ्या. एकदाच जाड थर देण्यापेक्षा आठवडाभरात तीन-चार पातळ हात द्यावेत. दर हातानंतर दोन्ही अंगठ्यांनी ती जागा हलकेच मळा. चिकटलेले तंतू सुटतात ते या मळण्याने, म्हणून मी यावर सर्वांत जास्त भर देईन. भेगांच्या जागी मात्र मळू नका.

एवढ्याने भागले नाही तर माझे स्पष्ट मत असे आहे की कारागिराकडून नवे कव्हर शिवून घेण्याऐवजी जुने कव्हर उतरवून घ्यावे आणि कंडिशनर उलट्या अंगाने लावावे. तिकडे लेप नसतो, त्यामुळे मोटेच्या चामड्यासारखे ते आत मुरते. सीटच्या कुशीत एअरबॅग आहे का हे आधी गाडीच्या पुस्तिकेत पाहा, आणि असल्यास कव्हर उतरवण्याचे काम जाणत्या मेकॅनिकवरच सोपवा. भेगा वरच्या रंगापुरत्या असतील तर फिलर व रंग देऊन झाकता येतात; आरपार गेल्या असतील तर आतून ठिगळ लावावे लागते.

खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेलही नको. ते खवट होते, धूळ धरते आणि पावसाळ्यात बुरशीला आमंत्रण देते. त्यापेक्षा शेडच्या टिनावर उन्हाळ्यापुरत्या तुराट्या अंथरा, गाडीची काच बोटभर खाली ठेवा आणि सीटवर जुने सुती लुगडे टाका. प्लास्टिकचे आवरण घालू नका.

प्रश्न : आमच्या जुन्या जीपच्या रेक्झिनच्या सीट कडक होऊन तडकल्या आहेत. त्यांना हेच कंडिशनर चालेल काय?
— एक वाचक, धारणी, जि. अमरावती

उत्तर : चालणार नाही. रेक्झिनचा मऊपणा त्यात मिसळलेल्या रसायनामुळे असतो, आणि उन्हाने ते वर्षानुवर्षे उडून जाते. बाहेरून काही लावून ते परत भरता येत नाही. तडकलेल्या सीटचे कव्हर बदलून घ्या, आणि शिवताना टाके फार जवळ पडू देऊ नका, कारण दाट टाक्यांच्या रेषेवरच नवे रेक्झिन पुन्हा फाटते.