रानातलं विचारा: चारोळी पेरली, उगवली का नाही?

प्रश्न : आमचं शेत देवरीकडे जंगलाला लागून आहे, धुऱ्यावर (शेताच्या कडेच्या बांधावर) चाराची, म्हणजे चारोळीची झाडं लावावी म्हणून किराणा दुकानातून पावभर चारोळी आणली आन चांगल्या मातीत टाकली, रोज पाणी घातलं, पण एक कोंब वर नाही आला. महाग बी मातीत गेलं नं बाप्पा! काऊन असं झालं? (एक शेतकरी, जि. गोंदिया)

भाऊ, दुकानातली चारोळी खीर-बर्फीसाठीच ठेवा. चाराच्या फळात एक कडक आठोळी असते आणि तिच्या आतला गर म्हणजे आपली चारोळी. तो काढताना आठोळ्या आधी खडखडीत वाळवतात, मग जात्यात भरडतात नाहीतर मशीनमधून काढतात, सुपानं पाखडतात, त्यात दाण्याचं अंकुराचं टोक कितीदा दुखावतं ते दिसतही नाही. शिवाय दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल, त्यामुळे दोन-चार महिने डब्यात पडला की तो खवट व्हायला लागतो आणि त्याची उगवायची ताकद त्याच्याही आधी गेलेली असते. तुम्ही पाणी कितीही घाला, आत जीवच नव्हता.

आता बी कसं धरायचं ते सांगतो. एप्रिल-मे मध्ये फळ हिरव्याचं जांभळट आणि मग पूर्ण काळं होतं, तेच घ्यायचं, हिरवं ओढून आणलेलं नाही. रात्रभर पाण्यात टाकून सकाळी पोत्यावर चोळलं की आठोळीवरचा मऊ गर निघून जातो, तरंगणाऱ्या आठोळ्या फेकून द्या त्या पोचट असतात. बुडालेल्या सावलीत सुकवा आणि त्याच हंगामात पेरा, पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. आठोळीचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरायलाच वेळ लागतो, म्हणून पेरायच्या आधी एक दिवस भिजवायची आणि जमलं तर शिवणीवर हलक्या हातानं चीर पाडायची, आतला दाणा चेपू द्यायचा नाही. हे काम घरातल्या धीराच्या माणसाकडे द्या. रोपाची पिशवी उंच घ्या कारण सोटमूळ सरळ खाली धावतं, ते पिशवीच्या बुडाला वळलं की रोप पुढे कुढतच राहतं.

अन् जागा बघून लावा. धानाच्या बांधीत पाणी साचून राहतं ते चाराला चालत नाही. धुऱ्याची उंच, मुरमाड, पाणी निथळणारी बाजू द्या. पहिली काही वर्षं शेळ्या आणि उन्हाळ्यातली आग या दोन गोष्टी सांभाळा, वाढ हळूच होते, चिडायचं नाही.

प्रश्न : फळं नसताना जंगलात चार कसा ओळखायचा? पोरं बिब्ब्याला चार म्हणून हात लावतात आन मग अंगावर फोड येतात. (एक शिक्षिका, ता. कुरखेडा)

ताई, आधी खोड दाखवा. चाराची साल काळपट करडी आणि उभ्या-आडव्या भेगांनी चौकटी पडलेली, अगदी मगरीच्या पाठीसारखी, एकदा नीट पाहिलेला माणूस सहसा चुकत नाही. मग पान बघा, जाड, चामड्यासारखं, टोक अणकुचीदार नसतं, गोल असतं, आणि मधल्या शिरेपासून दोन्हीकडे सरळ समांतर शिरा इतक्या स्पष्ट की बोटाला लागतात. बिब्ब्याचं पान याच्याहून बरंच मोठं, फांदीच्या टोकाला झुपका करून असतं. बिब्ब्याचा चीक उघड्यावर काळा पडतो आणि कातडीवर फोड आणतो, त्यामुळे शंका असली तर पान तोडून बघायचंच नाही, लांबूनच बघायचं. दोघं एकाच आंब्याच्या कुळातले, काजूही त्यातलाच, म्हणून लांबून घोळ होतो.

वर्गात भिंग असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये चाराचा तुरा आणा. हिरवट पांढरी बारीक फुलं, पाच पाकळ्या, दहा पुंकेसर, आणि मधोमध पाचेक स्त्रीकेसर दिसतील, पण त्यातलं एकच फळ धरतं, बाकीचे नावापुरते. मला तरी या झाडाची ही गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

प्रश्न : आमच्या गावात चार पिकायच्या आधीच तोडतात, काही तर फांद्याच पाडतात. अडवलं तर म्हणतात आम्ही नाही तोडलं तर दुसरा तोडन. नवीन रोपं तर दिसतच नाहीत. काय करावं? (एक वाचक, जि. गडचिरोली)

तोडणाऱ्यांचंही चूक म्हणवत नाही, उन्हाळ्यात हाताला काम नसतं आणि चारोळीला पैसा आहे. पण हिशोब तोट्याचाच आहे. कच्च्या फळात दाणा भरलेला नसतो, म्हणजे टोपलीभर तोडून वजन कमीच. फांदी पाडली तर तुरे फांदीच्या टोकाकडेच येतात, मग पुढच्या वर्षीचा बार पण गेला. आणि जंगलात नवीन रोप येणार कुठून? पिकलेलं फळ खाली पडलं, नाहीतर पाखरांनी-अस्वलानं खाऊन आठोळी दुसरीकडे टाकली तर तिथे रोप येणार. सगळं झाड ओरबाडलं तर त्यांच्यासाठी काय राहिलं?

एकट्यानं अडवून भांडणच होतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपज (चारोळीसारखी, लाकूड सोडून जंगलातली उपज) गोळा करायचा आणि विकायचा हक्क गावाकडे येतो, मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला तो तुमच्याच जिल्ह्यात. ग्रामसभेत तोडणीची तारीख ठरवा, फांदी पाडली तर दंड ठरवा, आणि प्रत्येक पट्ट्यात काही झाडं हात न लावता सोडा. शेजारच्या गावाला पण त्या बैठकीला बोलवा, नाहीतर "दुसरा तोडन" हे खरंच होतं. पहाटे चाराची फळं वेचायला एकटं जाऊ नका, त्याच वेळी अस्वल पण त्याच झाडाखाली असतं.

प्रश्न : चाराचं कलम होतं का?

होतं. कोवळ्या फांदीचं कलम चाराच्याच रोपावर बांधता येतं, आणि गुजरातमधल्या गोध्र्याच्या बागायती प्रयोग केंद्रानं 'थार प्रिया' नावाचं चारोळीचं वाणही काढलं आहे. कलमाला बियांच्या झाडापेक्षा लवकर फळ धरतं. पण रोपवाटिकेत घेताना कलमाचा सांधा नीट बघून घ्या, बियांचं रोप कलम म्हणून गळ्यात मारणारे पण भेटतात.