वही आधी परत द्या

प्रश्न : मुलगी पुण्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा तिने 'फुटबॉल, वंश आणि राष्ट्रवाद' हा ४ क्रेडिटचा विषय घेतला आहे. एवढी फी भरून फुटबॉल शिकायचा का? दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा तिची वही मी कपाटात कुलूप लावून ठेवली. विषय सोडून स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागण्यासाठी आपण तिला समजवावे. – एक वडील, सिडको, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रात मला विषयापेक्षा कुलपाची काळजी वाटली. आपण फी, क्रेडिट यांबद्दल लिहिले. मुलीचे म्हणणे काय आहे, याबद्दल एक वाक्यही लिहिलेले नाही. वही कुलपात ठेवल्याने तिचा विषय सुटणार नाही, आपल्याशी बोलणे मात्र सुटेल, आणि उद्या नोकरीचा किंवा लग्नाचा निर्णय घेण्याची वेळ येईल तेव्हा तो आपल्याला सर्वांत शेवटी कळेल. हे स्पष्टच लिहितो, कारण वडिलांचा धाक आणि वडिलांवरचा विश्वास एका घरात फार काळ नांदत नाहीत.

या विषयात फुटबॉल खेळायला शिकवतात, हा आपला मोठा गैरसमज आहे. हा इतिहास, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्राचा अभ्यास आहे. १९११ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान क्लबच्या बहुतांशी अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला २-१ असे हरवून आयएफए शील्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकली, तो विजय एका क्लबचा न राहता देशाचा कसा झाला? १९५८ मध्ये विश्वचषक तोंडावर असताना रशीद मखलूफी आणि इतर अल्जेरियन खेळाडू गुपचूप फ्रान्स सोडून फ्रान्सविरुद्धच्या अल्जेरियन स्वातंत्र्यलढ्याच्या संघाला जाऊन मिळाले. चाळीस वर्षांनी अल्जेरियन आईवडिलांच्या झिदानने अंतिम सामन्यात दोन गोल करून त्याच फ्रान्सला विश्वचषक मिळवून दिला. २०२१ मध्ये युरोच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या कृष्णवर्णीय खेळाडूंना वर्णावरून शिवीगाळ झाली. खेळाडू आपला कधी ठरतो आणि परका कधी, हाच तिथला प्रश्न आहे. आपल्याकडे क्रिकेटमध्ये दलित समाजातले पालवणकर बाळू हिंदू संघाचे अव्वल गोलंदाज होते, तरी पुण्याच्या क्लबात त्यांना चहा बाहेर आणि वेगळ्या भांड्यात मिळे. ज्या नाशिकमध्ये १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला, तिथल्या वडिलांना तरी हा अभ्यास निरर्थक वाटू नये.

स्पर्धा परीक्षेचे म्हणाल, तर यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला आणि एमपीएससीच्या राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. या एका विषयाने तिचा रस्ता अडत नाही.

तिला समजावण्याची आपली विनंती मी स्वीकारू शकत नाही. सुट्टी संपण्यापूर्वी वही तिला परत द्या आणि तिने त्यात काय लिहिले आहे, ते तिच्याचकडून ऐका. त्यानंतरही शंका उरली, तर पुढचे पत्र आपण दोघांनी मिळून लिहा. त्याला मी सविस्तर उत्तर देईन.