संकरित उंदराच्या वृषणात हॉर्मोनची जनुकं वाढलेली दिसली, म्हणून हॉर्मोनच दोषी?

तुमचा प्रश्न असा: संकरित नराच्या वृषणात 'स्टार' आणि 'सीवायपी१७ए१' ही टेस्टोस्टेरॉन तयार करायला लागणारी जनुकं शुद्ध वाणापेक्षा अडीच पट दिसतात, तर प्रजननक्षमता हॉर्मोनमुळे घटली असं लिहावं का? एवढ्यावरून मुळीच लिहू नका.

अख्खं वृषण वाटून आरएनए (कोणतं जनुक किती चालू आहे ते दाखवणारा रेणू) काढलाय ना? मग आधी पेशींचं प्रमाण बघा. ही जनुकं मुख्यतः टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींत चालतात आणि त्या शुक्रजनक नलिकांच्या मधल्या जागेत थोड्याच असतात. बाकी बहुतेक गर्दी बीजपेशींची, म्हणजे ज्यांच्यापासून शुक्राणू बनतात त्यांची. समजा, 100 पेशींत 4 लायडिग आहेत आणि संकरित नरात 60 बीजपेशी गळाल्या. आता 40 मध्ये 4, म्हणजे बरोबर अडीच पट! एकाही पेशीने जास्त काम केलेलं नाही, तरी आलेख वर चढला. हा सापळा फार फसवा आहे, कारण आकडेवारीच्या सगळ्या चाचण्या त्यात बिनतक्रार पार पडतात.

अशी गळती खरंच होते. पीडब्ल्यूडी आणि बी६ हे उंदरांचे दोन वाण. पीडब्ल्यूडी मादी आणि बी६ नर यांच्या नर पिल्लांत बीजपेशी मायॉसिसच्या (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाच्या) पॅकिटीन टप्प्यावरच, म्हणजे गुणसूत्रांच्या जोड्या जुळलेल्या असायला हव्यात तिथेच, अडकतात. गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, एक्स गुणसूत्र गप्प व्हायला हवं ते होत नाही. यामागचं 'पीआरडीएम९' जनुक 2009 मध्ये ओळखलं गेलं. 2016 मध्ये तर बी६ उंदरात त्याचा डीएनए ओळखणारा भाग माणसाचा बसवला आणि संकरित नर पुन्हा प्रजननक्षम झाले. हॉर्मोनच्या जनुकांना कोणी हातही लावला नव्हता.

तरी हॉर्मोन बाद करू नका, नीट तपासा. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन एकदाच मोजून भागत नाही, उंदरात ते तासागणिक उसळतं आणि पिंजऱ्यात वरचढ कोण यावरही बदलतं. त्यापेक्षा शुक्राशयाचं वजन घ्या. अँड्रोजन (टेस्टोस्टेरॉनसारखी नर हॉर्मोनं) बरेच दिवस कमी असेल तर ते घटलेलं दिसतं. सोबत एलएच आणि एफएसएच ही वृषणाला चालना देणारी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची हॉर्मोनं मोजा. वृषणाचे काप काढून नलिकांत पेशी कुठवर पोचल्यात ते बघा. शक्य असेल तर पेशी वेगळ्या करून आरएनए काढा, नाहीतर 10 दिवसांच्या आतली पिल्लं घ्या. तेव्हा पॅकिटीन सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे या गळतीचा गोंधळ नसतो.

आणि आई कोणत्या वाणाची होती ते सांगा. नराला एक्स आईकडूनच मिळतं, त्यामुळे हाच संकर उलटा केला तर निकाल बदलतो.